चोवीस पिंपळपानं

१२ फेब्रुवारी २००६, रविवार. राहू

रेल्वेत अडतीस वर्षं रजिस्टर भरलं. गाडी नंबर, डबा नंबर, बॅटरीचं पाणी, सही. दौंडला गाडी लागली की डब्याखाली वाकून दिव्या-पंख्यांच्या बॅटऱ्या तपासायच्या, हे माझं काम. तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन इथं राहूला, आपल्या गावी आलो. रजिस्टर तिकडेच राहिलं, खोड बरोबर आली. म्हणून ही वही. काही घडलं तर लिहायचं, नाहीतर पान वाया घालवायचं नाही.

आज घडलं. विहारात बैठक होती. गेल्या बुद्धपौर्णिमेला वंदना सुरू झाली आणि लाइट गेली. यंदाही लोडशेडिंग आहेच. कुणी म्हणालं जनरेटर आणू, कुणी म्हणालं पेट्रोमॅक्स. मी म्हणालो, "सूर्य काय वीज मंडळाचा नोकर हाय का? मूर्तीमागं दिव्यांचं धम्मचक्र लावतो, सूर्यावर चालणारं. सगळं भंगारातून." बोलून बसलो. आता करायला हवं.

घरी येऊन पहिल्यांदा सुरेखाला सांगितलं. सुरेखा माझी सून, संघर्षची बायको, माहेर पाबळचं. बारावी शिकलीय आणि माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी घरात ती एकटीच. तिनं लगेच कागद ओढला. चोवीस आरे, प्रत्येक आऱ्याच्या टोकाला पिंपळाचं पान, पानात एक दिवा. म्हणाली, "आबा, पानाच्या शिरासुदिक दिसल्या पायजेत."

तिला चौथा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत. एक पाचव्या महिन्यात गेलं, एक सहाव्यात. घरात यावर कुणी बोलत नाही. डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखे सगळे जपून चालतो. हे तिसरं राहू दे, एवढंच. मी नवस बोलणारा माणूस नाही, म्हणून फक्त लिहून ठेवतो.

१९ फेब्रुवारी, रविवार

यवतला जाऊन आलो. भंगारवाल्याकडे सौर दिव्याची एक पाटी मिळाली. एका कोपऱ्याला काच तडकलीय. उन्हात धरून मीटर लावला, काटा हलला. अजून जीव आहे. दिव्यांसाठी चायना टॉर्च जमवल्यात, मेल्या तरी त्यांचे इवले दिवे शाबूत असतात. चक्राच्या धावेला गावातल्या ट्रॅक्टरवाल्या मारुतरावांच्या जुन्या सायकलची रिंग.

बॅटरी तर घरचीच. निवृत्त झाल्यापासून गावातल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या मीच दुरुस्त करतो. डबा उघडायचा, चांगल्या प्लेटा निवडायच्या, शिशाच्या पट्टीनं जोडून पुन्हा बसवायच्या. मेलेल्या प्लेटांचा मागच्या अंगणात ढीग आहे. पिंपळपानं त्यातूनच ओतायची. लोखंड, पितळ आपल्या चुलीला दाद देत नाही, शिसं मात्र लोण्यासारखं वितळतं.

सुरेखाच्या भावानं पाबळच्या तंत्रशाळेत शिकलेलं एक सर्किट कागदावर काढून पाठवलंय. पाटीवर ऊन आहे तोवर बॅटरी भरते आणि दिवे बंद. पाटीवर अंधार पडला की दिवे आपोआप लागतात. म्हणजे बटणच नको. हे मला फार आवडलं. बटण आलं की बोटं आली, आणि बोटं आली की बिघाड आला.

पेपरात आलंय, नवापूरकडे कोंबड्यांना रोग पडलाय, हजारांनी मारतायत.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं पान ओतलं. पद्धत लिहून ठेवतो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

नदीकाठची चिकण माती आणायची, त्यात थोडी राख मळायची. त्याच्या वडीवर खरं पिंपळपान दाबायचं, शिरा उमटतात. साचा सावलीत वाळवायचा. मागच्या चुलीवर, अंघोळीचं पाणी आणि भाकरी होऊन गेल्यावर, लोखंडी पळीत प्लेटांचे तुकडे ठेवायचे. शिसं पातळ झालं की त्यावर दुधावर धरावी तशी राखाडी साय धरते. ती काढून चुलीतच झटकायची. मग ओतायचं. गार झालं की साचा फोडायचा. दर पानाला नवा साचा.

ॲसिडची मात्र मी पुरती काळजी घेतो. हातमोजे, शेजारी सोड्याचं पाणी, आणि बॅटरी उघडताना सुरेखानं अंगणात पाऊल टाकायचं नाही, असा कायदा केलाय. सोजरनं विचारलं, "आन् शिशाचं काय?" सोजर म्हणजे आमची सौभाग्यवती. मी म्हटलं, "शिशाला काय होतंय? ते बिचारं गरीब धातू. नदीवर जाळंवाले शिशाच्या गोळ्या दातानं दाबून बसवत्यात."

काम झाल्यावर गुळाचा खडा खाल्ला. दौंडला आमचा जुना मिस्त्री प्लेटांच्या कामानंतर प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवायचा. का, ते कधी विचारलं नाही. गूळ गोड असतो, एवढं कारण पुरेसं होतं.

५ मार्च, रविवार

सात पानं झाली. दोन बिघडली, ती परत पळीत.

आज एक गंमत पकडली. साचा फोडला की अंगणभर भाजक्या मातीचा वास सुटतो. मी पाणी प्यायला आत गेलो आणि परत येऊन बघतो तर सुरेखा तुकडा चघळतेय. मला बघून पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आबा, कुणाला सांगू नका. जीव तुटतो बघा या वासावर."

सोजरला सांगितलंच. ती हसून म्हणाली, "संगर्षच्या वक्ताला मी निम्मी भिंत खाल्ली व्हती. पोटुशीचे डोहाळे मोडू न्हाईत." म्हणजे वरूनच परवानगी मिळाली. आता साचा फोडला की स्वच्छ, बारीक भाजलेले तुकडे निवडून मी खिडकीतल्या फळीवर ठेवतो. ती येता-जाता उचलते. म्हणते, बाजारच्या मातीपेक्षा ही गोड लागते. आमच्या नदीची माती आहे, गोड लागणारच.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सासऱ्यानं सुनेचे डोहाळे कसे पुरवावेत? आंबा, चिंच आणायला बाजार आहे. हे मात्र माझ्या हातचं आहे.

१२ मार्च, रविवार

ओढ्यापलीकडची अनसाबाई आली होती. तिच्या घरची मेंढरं गेली, आता शेती आहे, पण चार शेळ्या आणि कोंबड्या राखल्यात. वय सत्तरीचं, नजर घारीची, आणि तोंड म्हणजे पुणे आकाशवाणी. दारातूनच म्हणाली, "म्हाळूआप्पा, माझ्या पाच कोंबड्या गेल्या. तुमच्या राखंच्या ढिगात उकरत व्हत्या."

मी तिला नवापूरचा पेपर वाचून दाखवला. ती म्हणाली, "नवापूर कुठं हाय?" म्हटलं, गुजरातच्या हद्दीला. म्हणाली, "मग तितला रोग वाटंतल्या समद्या कोंबड्या सोडून माझ्याच दारात कसा आला?"

अडाणी माणसाला तर्क शिकवणं कठीण. तरी तिला पाणी दिलं, गूळ दिला. जाताना फळीवरच्या तुकड्यांकडे बघत उभी राहिली. हे काय, म्हणाली. मी सांगितलं. काही न बोलता गेली. अनसाबाई काही न बोलता गेली, ही नोंद करण्यासारखीच गोष्ट आहे.

१९ मार्च, रविवार

बारा पानं. अर्धं चक्र झालं.

सुरेखाचं पोट दुखतंय. थांबून थांबून पीळ पडतो, तोंडाला चव नाही, चार-चार दिवस पोट साफ होत नाही. संघर्ष कंपनीतून रजा काढून तिला यवतला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, गरोदरपणात होतं असं. लोहाच्या गोळ्या दिल्यात. बाळाचे ठोके चांगले आहेत. हे वाक्य मी संघर्षकडून तीनदा वदवून घेतलं.

गोळ्यांनी तोंड कडू होतं म्हणते, म्हणून मातीचे तुकडे जरा जास्त लागतात.

२३ मार्च, गुरुवार

अनसाबाईची एक शेळी मेली. दोन दिवस गोल गोल फिरत होती, मग भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली. डोळ्यांपुढं हात हलवला तर पापणी लवत नव्हती. मी स्वतः जाऊन बघितलं. बघवलं नाही.

अनसाबाई म्हणाली, "ही तुमचा ढीग चाटत व्हती. बाकीच्या न्हाई चाटत. माझा बाप मेंढरं घिऊन फिरायचा, तवा सांगायचा, जित्या जनावरानं एकदा तोंड लावलं आन् मेलं, तर तितली जागा सोडायची. का मेलं ते मागनं इचारायचं."

मी सांगितलं, मेंढरांच्या, शेळ्यांच्या डोक्यात किडा होतो आणि मग ती अशीच फिरतात. हे खरं आहे, कुणालाही विचारा. ती म्हणाली, "व्हय, व्हतो. साठ वर्सं बघितलाय. ह्यो त्यो न्हवं."

मग मुद्द्यावर आली. "तुमच्या आंगणातली माती पोरीला खाऊ देऊ नगा."

मला राग आला. मी बाबासाहेबांचा माणूस. घरात भगत नाही, अंगारा नाही, लिंबू नाही. म्हटलं, "अनसाबाई, जागा बाधली बिधली हे आमच्यात चालत न्हाई." ती म्हणाली, "मी कुठं बाधली म्हनलं? मी राख म्हनलं, माती म्हनलं." आणि तोंड फिरवून मेलेल्या शेळीचं दावं सोडायला बसली.

३१ मार्च, शुक्रवार

नवी तूर आली. सोजरनं तिला मागच्या चुलीची राख चोळून कणग्यांत भरली, किडा लागू नये म्हणून. म्हणते, यंदाची राख कशी जड आणि बारीक पडलीय, डाळीला छान धरते. भांडीही तिनंच लखलखीत निघतात. दात घासायला मी पहिल्यापासून हीच राख घेतो. शेजारच्या रतनबाईनं डबा भरून नेली. चुलीतली राखसुद्धा आमच्या घरात कामाला लागते, याचा मला अभिमान आहे.

सोजरचंही पोट बिघडलंय. उन्हाळा लागला.

७ एप्रिल, शुक्रवार

आज फार वाईट वागलो, लिहायलाच हवं. एकोणिसावं पान ओतताना पळी हातातून निसटली. उजव्या हाताची बोटं हल्ली धरत नाहीत, मनगट लटपटतं. शिसं चुलीत सांडलं. सोजर फक्त एवढंच म्हणाली की, अगं बाई, राहू द्या आता. मी तिच्यावर ओरडलो. अडतीस वर्षांत गँगमध्ये कुणाला बोललो नाही असं बोललो. ती आत जाऊन बसली. सुरेखा भिंतीला टेकून कपाळ दाबत होती, तिचं डोकं दुखत होतं, तरी तिनं मला पाणी आणून दिलं.

मला हल्ली काय होतं कळत नाही. झोप लागत नाही. बारीक आवाजानं टाळकं फिरतं. चक्र वेळेत होईल की नाही याची काळजी असेल, दुसरं काय?

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. मिरवणूक झाली. बावीस पानं. सुरेखा मिरवणुकीला आली नाही, उलट्या होत होत्या. संघर्ष तिच्यापाशी बसून राहिला. हा मुलगा डफ वाजला की घरात थांबणारा नव्हता.

२३ एप्रिल, रविवार

सातवा लागला. घरातच ओटी भरली, पाच बाया जेवल्या. आमची तूर शिजवून डाळ केली होती. सुरेखा हिरव्या साडीत पिवळी पडलेली दिसत होती. सोजरनं तिच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाली, "अशक्तपणा हाय, माहेरी गेली की भरंल." दोनदा तोच शब्द बोलली.

तिचा भाऊ जीप घेऊन आला होता. पहिल्या दोन्ही खेपेला सातवा बघायला मिळालाच नव्हता, हे सगळ्यांच्या मनात होतं. जीपमध्ये बसताना सुरेखानं मला बोलावलं. म्हणाली, "आबा, पौर्णिमेला मी न्हाई. बाळाला घिऊन यीन तवा चक्र चालू पायजे." मी म्हणालो, "ते बंद पडायचं न्हाईच. त्याला बंद करायचं बटणच न्हाई." ती हसली. महिन्यात पहिल्यांदा हसली.

अनसाबाई ओढ्याच्या बांधावरून जीप दिसेनाशी होईतो बघत होती.

४ मे, गुरुवार

सुरेखाचा संघर्षच्या मोबाइलवर फोन. पोटदुखी गेली, उलट्या थांबल्या, भाकरी जाते. डोकंही शांत आहे. बाळ लाथा मारून झोपू देत नाही म्हणते. ऐकून संघर्ष अंगणात दोन फेऱ्या मारून आला.

सोजर मात्र रात्री म्हणाली, "माझ्या हातचं खाल्लं की आजारी, आन् आईच्या हातचं खाल्लं की बरी. लोक काय म्हनतील?" मी समजावलं की माहेरचं वारंच वेगळं असतं, प्रत्येक पोरीला मानवतं. हे मला पटतं. तिला पटलं नाही.

फोनवर शेवटी सुरेखा मला म्हणाली, "सगळं हाय इथं, आबा. फक्त माती बेचव हाय. तुमच्या साच्यांची थोडी पाठवाल?"

म्हटलं, पोरी, थोडी कशाला?

९ मे, मंगळवार

चोविसावं पान बसलं. तीन पानं जोडताना वाकली होती, ती उतरवून नवी ओतली. त्या निमित्तानं साचेही झाले. हात आता पार कामातून गेलाय. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ओतावं लागलं. पण साचे असे भाजले गेलेत की नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटावं.

सगळ्या तुकड्यांतून निवडून, फडक्यानं पुसून, डालड्याचा जुना डबा गच्च भरला. वर केळीचं पान घातलं. संघर्ष आज कंपनीतून परस्पर पाबळला जाईल. त्याला सांगितलं, डबा आडवा करू नको, तुकडे मोडतात.

१३ मे, शनिवार. बुद्धपौर्णिमा

लागलं.

सात वाजता लाइट गेली, ठरल्यासारखी. विहारात एकदम काळोख. कुणीतरी मेणबत्ती शोधायला लागलं. मी म्हटलं, थांबा. पाटी छपरावर, बाहेर उजेड विझत चाललेला. आधी एक पान लुकलुकलं, मग सगळी चोवीस. बुद्धाच्या डोक्यामागे पिंपळाची पानं, शीरन् शीर दिसत होती. मग वंदना सुरू झाली, आणि मी रडलो. लपवत नाही.

नंतर बायाबापड्या पुढं होऊन पानांना हात लावून तोच हात कपाळाला लावत होत्या. पोरांना उचलून धरलं होतं. एक तान्हं पान चोखायला बघत होतं, सगळे हसले. मी म्हटलं, चोखू द्या, शिसंच तर आहे.

सुरेखा हवी होती.

१५ मे, सोमवार. शिक्रापूर स्टँड

पाबळची एसटी येईपर्यंत लिहितो. अक्षर वाईट आहे, डाव्या हातानं लिहितोय. लिहिलं नाही तर इथे लोकांसमोर काय करीन सांगता येत नाही.

सकाळी दौंडला गेलो होतो, हात दाखवायला. आमच्या वेळचे डॉक्टर आता घरीच दवाखाना चालवतात. ते म्हणाले, दोन्ही हात पुढे कर. उजवं मनगट खाली लोंबलं, वर उचलेना. मग त्यांनी बॅटरीच्या उजेडात माझा ओठ उचलून हिरड्या बघितल्या. हिरडीच्या काठानं काळीनिळी रेघ आहे म्हणाले. सोजरच्या हिरड्यांनाही आहे. आम्ही समजलो, राखेचा डाग.

"म्हाळू, सध्या काय काम करतोस?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. पाटी, सायकलची रिंग, चोवीस पानं. पाटीपर्यंत ते लिहीत होते. पानांपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"शिसं कुठं वितळवतोस?"

"चुलीवर."

"ती राख, ती धूळ, घरात कुणाच्या पोटात जाते का?"

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. नऊ तारखेचा चौकोन मला दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं.

ते सांगत होते. शिसं पोटात जातं, हाडात साठतं, रक्त खातं. पोटाला पीळ, उलट्या, डोकं, राग. मी विचारलं, गरोदर बाईला? ते म्हणाले, आईच्या रक्तातून सरळ बाळाला जातं. पोट पडतं. मग त्यांनी विचारलं, "किती वर्षं करतोयस हे?" मी म्हणालो, तीन. मिस्त्रीच्या गुळाचं सांगितलं. ते म्हणाले, गुळानं काही होत नाही. ती नुसती समजूत होती.

पहिलं गेलं तेव्हा मारुतरावांच्या ट्रॅक्टरची बॅटरी चुलीपाशी उघडी होती. दुसऱ्या वेळी गुऱ्हाळवाल्याच्या दोन होत्या. भांडी त्याच राखेनं घासली जात होती. मला बॅटऱ्या आठवतात, तारखा आठवतात. ते माझं कामच होतं.

एसटीडीवरून संघर्षला फोन लावला. तो पाळीवर आहे, मोबाइल गेटवर जमा असतो. पाबळला घरी फोन नाही. तिकडून येतो तो दर वेळी बूथवरून. सहा दिवस झाले. गच्च भरलेला डबा आहे, अजून उरला असेल. तिला काटकसरीची सवय आहे, पुरवून पुरवून खाते. उरला असेल.

एसटी आली.

१६ मे, मंगळवार. पुणे

डब्यात तळाला तीन तुकडे होते. केळीचं पान घडी करून बाजूला ठेवलेलं होतं.

मी काल रात्री आठला पोचलो, तेव्हा ती खाटेवर कुशीवर पडली होती. तिची आई म्हणाली, शनिवारपासून पुन्हा पोट पिळतंय आणि सकाळपासून बाळ हलत नाही. सुरेखा म्हणाली, "आबा, तुम्ही कशाला आलात येवढ्या रातीचं?" मी डबा उचलला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. तिच्या भावानं जीप काढली. निघताना बूथवरून फोन लागला, संघर्ष वाटेत भेटला.

इथल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. तीन तुकडे फडक्यात बांधून दिले. त्यांनी रक्त घेतलंय. बाळाचे ठोके लागतायत, पण हळू. आजची रात्र जाऊ दे म्हणाले. आई वाचेल असं म्हणाले. दुसऱ्याचं काही म्हणाले नाहीत.

संघर्षला सांगितलं. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलाय. मधे चार माणसं बसतील एवढी जागा आहे.

राहूला निरोप धाडून सोजरला फोनवर बोलावून घेतलं. सोजरला म्हटलं, तूर फेक, राख फेक, रतनबाईचा डबा परत माग, चूल मोड. ती म्हणाली, दुपारी अनसाबाई आली होती. तुम्ही दौंडवरून परस्पर पाबळला गेलात, एवढंच ऐकलं, आणि कुदळ घेऊन आली. न विचारता खड्डा खणून सगळा ढीग पुरला. वर दगड ठेवले. मग सोजर फोनवर रडायला लागली. मला म्हणाली, "म्हंजी माझ्या हाताचं न्हवतं ना वो?" म्हटलं, नाही. तुझ्या हाताचं नव्हतं.

मघाशी पाच मिनिटं आत सोडलं. सुरेखाच्या हाताला सलाइन, पोटावर पट्टा. डोळे मिटलेले होते, तरी मी आलोय हे तिला कळलं. म्हणाली, "चक्र लागलं का आबा? समद्या शिरा दिसल्या?"

दिसल्या, म्हणालो.

"माती लई ग्वाड व्हती ह्या वक्ताला," म्हणाली. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते मलाच सांगायचंय. मला ते जमत नाही.

खिडकीतून बघतोय, ऊन उतरलंय. सात वाजत आले. विहारात पोरं जमली असतील, चक्र लागताना बघायला. शनिवारपासून रोज जमतात. आधी एक पान लुकलुकेल, मग सगळी. बायका पुढं होतील, पानांना हात लावतील, तोच हात लेकरांच्या तोंडावरून फिरवतील. सोजरला म्हटलं होतं, विहारात जाऊन आधी ते बंद कर. तिनं विचारलं, "कुठनं बंद करू?"

मी त्याला बटण ठेवलेलं नाही.